सेकंडहँड लॅपटॉप: पैसे देण्याआधी आणि घरी आणल्यावर

जुने संगणक विकत घेतलेल्या, किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त दिली आहे, कारण नंतरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कंपनीच्या लीजमधून सुटलेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड घ्यायचं ठरवलं आहे. दुकानात नेमकं काय तपासायचं? (नाशिक)

निवड चांगली आहे. कंपन्यांसाठी बनवलेले हे लॅपटॉप दणकट असतात, मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं आणि सुटे भाग सहज मिळतात. पण कंपनी आपल्या मशीनला काही कुलपं घालते. विकताना ती काढलेली असतातच असं नाही, आणि यांतलं एकही कुलूप फॉरमॅट मारून निघत नाही. म्हणून रॅम, प्रोसेसर, स्क्रीनवरचे चरे बघण्याआधी ही कुलपं बघा.

पहिलं कुलूप बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामचं. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच बायोसची कळ दाबत राहा: थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड न विचारता आत जाता आलं पाहिजे आणि एखादी सेटिंग बदलून जतनही करता आली पाहिजे. काही मशीन आत जाऊ देतात, पण सगळं फक्त वाचण्यापुरतं दाखवतात. तसं असेल तर सुपरवायझर पासवर्ड शाबूत आहे असं समजा. ‘आतला सेल काढला की पासवर्ड उडतो’ असं दुकानात सांगतात. जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत ते खरंही आहे. थिंकपॅडमध्ये मात्र हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून तो जात नाही. लेनोवोकडून यावर मिळणारा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलण्याचा आहे.

दुसरं कुलूप त्याच बायोसमध्ये, सिक्युरिटी विभागात असतं. तिथे ‘ॲब्सोल्युट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची नोंद शोधा. हरवलेली मशीन शोधण्यासाठी कंपन्या ही सोय वापरतात. ती चालू असेल तर विंडोज नव्याने टाकली तरी बायोस आपला माग काढणारा प्रोग्राम पुन्हा आत सोडतो. ‘डिसेबल्ड’ किंवा ‘पर्मनंटली डिसेबल्ड’ दिसलं तर काळजी नाही. ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं, तर जुन्या कंपनीने ती सोय सोडवून देईपर्यंत मशीन घेऊ नका.

तिसरं कुलूप सगळ्यांत फसवं, कारण ते मशीनमध्ये दिसतच नाही. कंपनीने मशीनची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवलेली असते. दुकानातली विंडोज व्यवस्थित चालते. तुम्ही घरी रिसेट करून इंटरनेट जोडलं की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि फक्त तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागितलं जातं. ही नोंद कंपनीच्याच आयटी विभागाला काढता येते. तपासायचा खात्रीचा मार्ग एकच: दुकानदाराला समोर ‘रिसेट धिस पीसी’मधलं ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ करायला सांगा, सुरुवातीच्या पडद्यांवर तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि लॉगिनच्या पानापर्यंत जाऊन बघा. तास-दीड तास मोडतो, पण तो द्या. विंडोज प्रो असेल तर ‘वैयक्तिक की ऑफिस-शाळेसाठी’ असा प्रश्न येतो. तो नेहमीचा आहे, त्याने घाबरू नका. कुठल्या संस्थेचं नाव आलं तर मात्र व्यवहार थांबवा. नाव टाळायला ‘नेट न जोडता सेटअप करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर तेच कारण पुरेसं समजून उठा.

आता बाकीची तपासणी. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ५०,००० आणि आजची ३१,००० मिलीवॉट-तास असेल तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा खालचं झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. ते मशीन चार्जिंगलाही लावू नका.

एसएसडीची, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कची, तब्येत विंडोज ११ मध्येच दिसते: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, मग डिस्कचे गुणधर्म. तिथे उरलेलं आयुष्य टक्क्यांत लिहिलेलं असतं. ते नव्या प्रकारच्या, म्हणजे एनव्हीएमई डिस्कचंच दिसतं. साटा डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन जा. कीबोर्डची प्रत्येक कळ, दोन्ही बाजूंचे यूएसबी, कॅमेरा, माइक, स्पीकर हे पाच मिनिटांत होतं.

शेवटी बिल. बायोसमधला सिरिअल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर एकच असावा, आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. माल चोरीचा आहे असं वाटायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो. बिल द्यायला नकार मिळाला, तर स्वस्त भाव सोडून द्यावा.

प्रश्न: लॅपटॉप घेतला. दुकानदाराने विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस सगळं ‘फुकट भरून’ दिलं आहे. चांगलं चाललंय. मग पुन्हा विंडोज टाकायची गरज आहे का? (इचलकरंजी)

आहे. ज्या विंडोजमध्ये कोणी काय भरलं ते तुम्हाला माहीत नाही, त्यात बँकेचा पासवर्ड टाकू नये. फुकट भरलेलं ऑफिस आणि फोटोशॉप म्हणजे क्रॅक, परवाना चुकवून चालवलेली चोरटी प्रत. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरसला काही फोल्डरांकडे बघू नको असं सांगून ठेवलेलं असतं. खात्री करायची असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लुजन्स’ची यादी उघडा. ती रिकामी असायला हवी.

विंडोजचा परवानाही बघून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, एक जागा, तिरपी रेघ आणि ‘डीएलआय’ असं लिहिलं की एक चौकट येते. तिच्यात ‘ओईएम डीएम’ असेल तर परवान्याची चावी मदरबोर्डमध्येच कोरलेली आहे, म्हणजे मशीनबरोबर आलेला अस्सल परवाना. ‘रिटेल’ही सहसा ठीक. ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ असेल तर ते एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेलं, १८० दिवसांनी नूतनीकरण लागणारं ॲक्टिव्हेशन आहे. घरगुती मशीनवर ते दिसलं तर जवळजवळ नेहमी क्रॅकच निघतो. दिलासा असा, की अशा बहुतेक मशीनच्या मदरबोर्डमध्ये मूळची अस्सल चावी तशीच असते. विंडोज स्वच्छ टाकली की ती आपोआप लागू होते आणि वेगळे पैसे पडत नाहीत.

आता कृती. ८ जीबीचा किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. विश्वासाच्या दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोज ११ तयार करा. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे, मोबाइल डेटा तपासून सुरुवात करा. त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर ठेवा. डेलला सर्व्हिस टॅग, इतरांना सिरिअल नंबर टाकला की तो त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. हे राहून गेलं आणि सेटअपमध्ये वायफाय दिसलंच नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा. ड्रायव्हरशिवाय नेट मिळतं.

बायोसमध्ये जाऊन आधी ‘लोड डिफॉल्ट्स’ करा. म्हणजे जुन्या मालकाने केलेले फेरफार जातील. बूट मोड यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू आहे ना, ते बघा. टीपीएम, म्हणजे चाव्या जपणारी सुरक्षा चिप, ‘क्लिअर’ करा. जुन्या विंडोजच्या चाव्या त्यात असतात, त्यांची आता गरज नाही. तुमचा स्वतःचा काही डेटा त्या डिस्कवर साठला असेल तर तो हे करण्याआधी बाहेर काढा.

मग पेनड्राइव्ह लावून बूट मेन्यू उघडा: डेल आणि थिंकपॅडला एफ१२, एचपीला एफ९. विंडोजची आवृत्ती विचारली तर आधी होती तीच घ्या, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इथे चुकलं की परवाना लागू होत नाही आणि लोक दुकानदाराला दोष देतात. पुढे डिस्कच्या पानावर खरी सफाई आहे. तिथे तीन-चार भाग दिसतील. आतल्या डिस्कचे सगळे भाग एकेक करून डिलीट करा, शेवटी एकच ‘अनअलोकेटेड’ ओळ उरेल. ती निवडून पुढे जा. याच यादीत तुमचा पेनड्राइव्हही दिसतो, तो आकारावरून ओळखा आणि त्याला हात लावू नका. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल आणि तिच्यात कामाचा डेटा असेल तर सुरुवातीलाच ती काढून ठेवा.

विंडोज आली की अपडेट दोन-तीन वेळा, ‘काही शिल्लक नाही’ असं येईपर्यंत चालवा. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेलं काही उरलं असेल, तरच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याचा ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकट प्रोग्राम टाळा. बायोस अपडेट करायचा असेल तर चार्जर लावून आणि बॅटरीही भरलेली असताना करा. मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं बंद पडू शकतं.

आता खाती. रोजच्या कामासाठी साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खातं ठेवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं करा. घरातली मुलंही मशीन वापरणार असतील तर हा एक बदल कुठल्याही विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण विंडोजमध्ये खोलवर बदल करणारं काही बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. ऑफिसचं काम फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर भागतं का ते बघा. पत्रं, साधे तक्ते, प्रेझेंटेशन यांना ते पुरतं.

एका गोष्टीकडे फार लोक दुर्लक्ष करतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. हे चांगलंच आहे, मशीन चोरीला गेलं तरी डेटा वाचता येत नाही. पण बायोस अपडेटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असते. तिथून कागदावर उतरवून किंवा छापून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपवर जतन करून ठेवलेली की वेळेला उपयोगाची नाही.

प्रश्न: वरीलप्रमाणेच करायला गेलो, पण डिस्कच्या पानावर यादीच रिकामी येते. डिस्क गेली का? (पनवेल)

गेली नसावी. तुमचा प्रोसेसर इंटेलचा अकरावी पिढी किंवा त्यापुढचा असणार. त्यात व्हीएमडी नावाचा स्टोरेज कंट्रोलर चालू असतो आणि विंडोजच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर बहुधा नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि त्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. डिस्क सगळी पुसायचीच असल्याने तुम्हाला तोही मार्ग मोकळा आहे. आधीच विंडोज असलेल्या मशीनवर मात्र तसं करू नका, ती विंडोज चालू होणं थांबेल.

प्रश्न: भावाचा जुना लॅपटॉप मिळाला आहे. आय५ पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात आणि विंडोज ११ घेत नाही. भंगारात द्यावा का? (लातूर)

देऊ नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सरळ मार्गाने ती येणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर झाली होती, पण तिच्या भरवशावर मशीन वापरत राहणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. पुढच्या अपडेटची हमी तिथे कोणीच देत नाही.

आधी वेग. पाच मिनिटं लागतात ती हार्डडिस्कमुळे. फिरत्या तबकडीवरचा काटा इकडून तिकडे जायला वेळ घेतो. अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपास सुटी कामं करते, तर साधी साटा एसएसडी हजारोंनी करते. २५६ जीबीची अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी घ्या. हार्डडिस्कच्याच जागी, त्याच चार स्क्रूंवर ती बसते. एवढ्या एका बदलाने तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहील.

मग रॅम ८ जीबी करा. इथे चूक होते ती प्रकारात. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला सहसा डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. पट्टीवर ‘पीसी३एल’ असं छापलेलं असतं. नुसती ‘पीसी३’ म्हणजे १.५ व्होल्टची जुनी पट्टी, ती खाचेत बसते पण मशीन चालू होत नाही. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे घोळ होणार नाही. खोलण्याआधी मशीन बंद करून चार्जर आणि शक्य असेल तर बॅटरी सोडवा.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. हे मशीन फार ताकदवान नसल्याने तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून ती न बसवताही चालवून बघता येते. त्यात वायफाय, आवाज, टचपॅड, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे चारही तपासा. सगळं जमलं की ‘इरेझ डिस्क’ निवडून बसवा. वायफाय चालत नसेल तर चिप बऱ्याचदा ब्रॉडकॉमची असते. फोनच्या टेथरिंगने नेट घेऊन ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की तिचा ड्रायव्हर मिळतो. टॅली किंवा जुनं डीटीपी सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नाही. ब्राउझर, व्हिडिओ, अभ्यास, लिखाण यांसाठी तो उत्तम आहे.

प्रश्न: जुना डेस्कटॉप रोज सकाळी जुनीच तारीख दाखवतो आणि सगळ्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात. व्हायरस आहे का? (चिपळूण)

व्हायरस नाही, सेल संपला आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बंद मशीनचं घड्याळ चालवतो. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचं मशीन स्वतःला २०१५ सालात समजत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि ब्राउझर ते नाकारतो.

बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. सेल काढला की सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि स्टोरेजचा मोड एएचसीआयवरून दुसरीकडे गेला तर विंडोज चालू होत नाही. मग लोकांना वाटतं सेल बदलताना काहीतरी जळलं. वायर काढून सेल बाजूच्या कडीने सोडवा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवा, फोटो बघून सेटिंग्ज पुन्हा लावा. तारीख एकदा हाताने घाला, कारण फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपणहून घड्याळ जुळवत नाही. लॅपटॉपमध्ये हाच सेल प्लॅस्टिकच्या वेष्टणात, दोन वायरींसह असतो. तसाच जोडणीसह मागा.

प्रश्न: डेलच्या जुन्या लॅपटॉपला बाहेरचा चार्जर घेतला. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन फार मंद झालं आहे. शिवाय बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. (जळगाव)

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डेलच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक काडी असते. तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि वॉटेज लॅपटॉपला सांगतो. ती ओळख पटली नाही, तर लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम खाली आणतो. चालू होताना चार्जरचा प्रकार समजला नाही असा संदेशही येतो. नकली चार्जरमध्ये ती चिप नसते, किंवा अस्सल चार्जरची आतली काडी वाकलेली असते. दुसऱ्याचा अस्सल चार्जर लावून बघा. फरक पडला तर तुमचा बदला. नाही पडला, तर लॅपटॉपच्या बाजूची पिन खराब आहे. ती बऱ्याच मॉडेलांत वेगळी मिळते आणि बदलता येते.

मुंग्यांचं कारण अर्थिंग. चार्जरमधल्या फिल्टरचे कपॅसिटर अगदी थोडा प्रवाह अर्थकडे सोडतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात लावला, किंवा बोर्डात तिसरं भोक आहे पण मागे वायरच नाही, तर तो प्रवाह धातूच्या बॉडीवर येतो. इलेक्ट्रिशियनला मीटरने मोजायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट दिसले पाहिजेत. घराचं अर्थिंग नसेल तर ते करून घेणं लॅपटॉपपेक्षा जास्त गरजेचं आहे. गीझर आणि वॉशिंग मशीनही त्याच वायरिंगवर चालतात.

प्रश्न: बंद पडलेल्या क्लासचे दोन संगणक घेतले. त्यात विद्यार्थ्यांचे फोटो, आधारच्या प्रती, मार्कशीट आहेत. फॉरमॅट मारला तर पुरे का? (सांगली)

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. त्या फाइल उघडू नका, कोणाला दाखवू नका, ‘असू दे’ म्हणून पेनड्राइव्हवरही घेऊ नका. क्लासवाल्यांना त्यांची प्रत हवी का, एवढं विचारा आणि मग पुसा.

साधा, म्हणजे क्विक फॉरमॅट पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखा आहे. पानं तशीच राहतात आणि रिकव्हरीच्या फुकट प्रोग्रामनेही परत मिळतात. हार्डडिस्कवर एकदा संपूर्ण शून्य लिहावं लागतं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, ‘डिस्कपार्ट’ चालवा, ‘लिस्ट डिस्क’ने यादी बघा, आकारावरून खात्री करून ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तिचा क्रमांक द्या, आणि मग ‘क्लीन ऑल’. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात, मध्ये काही हालचाल दिसत नाही, थांबवू नका. नुसतं ‘क्लीन’ दिलं तर क्षणात होतं आणि फाइलींतला डेटा तसाच राहतो. एकदा लिहिणं पुरेसं आहे, सात वेळा करायची गरज नाही.

एसएसडी असेल तर ही पद्धत अपुरी पडते, कारण तिच्यात राखीव जागा असते आणि बाहेरून लिहिलेलं तिथे पोचत नाही. तिच्यासाठी बायोसमधलं ‘सिक्युअर इरेझ’ किंवा डिस्कच्या कंपनीचा प्रोग्राम वापरा. ते काही मिनिटांत होतं. तुमचा स्वतःचा संगणक विकाल तेव्हाही हेच करा.

प्रश्न: विंडोज नव्याने टाकल्यावर मराठी टायपिंग गेलं. आणि जुन्या मालकाकडून आलेल्या काही मराठी फाइल आता इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतात. (कोल्हापूर)

टायपिंग पाच मिनिटांत परत येतं. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात भाषा, आणि मराठी जोडा. मग मराठीच्या पर्यायांत कीबोर्ड निवडा. इनस्क्रिप्ट शिकायला आठ-दहा दिवस जातात, पण नंतर वेग उत्तम येतो. रोमनमधून लिहायचं असेल तर ‘मराठी फोनेटिक’ घ्या. बाहेरचा कुठलाही प्रोग्राम लागत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

कीबोर्ड मराठीचाच घ्या, हिंदीचा नको, आणि मराठीला लागणारी अक्षरं लगेच तपासा. इनस्क्रिप्टमध्ये ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र लिहायला शिफ्ट-जे ने ऱ घ्या, मग डी ने पाय मोडा आणि य लिहा. नेहमीच्या र ला पाय मोडून य लिहिला तर ‘दुसर्या’ असं रफार चढून येतं. छापील मजकुरातही ही चूक सर्रास दिसते.

फाइल खराब झालेल्या नाहीत. त्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिल्या आहेत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर निवडून त्याच्या फॉन्टचं नाव वाचा. वर्ड आणि लिब्रेऑफिस, दोन्हीत फॉन्ट बसवलेला नसला तरी नाव दिसतं. त्या नेमक्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरून मजकूर बदला. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासा. जुन्या फॉन्टांत ती वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, आणि परिवर्तक सगळ्यांत जास्त तिथेच चुकतो. मूळ फाइलची एक प्रत हे सगळं संपेपर्यंत बाजूला ठेवा.